चार गाठींची तार

इरा, विहान,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या आईला सांगून ठेवलं आहे की मोठ्याने वाचून दाखव आणि मध्येच इंग्रजी करू नकोस. ऐकलेलं तुम्हाला सगळं समजतं. बोलायची वेळ आली की लाजता, एवढंच. मी आयुष्यभर झाशीतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं, पण तुमच्या आबांशी कधी इंग्रजीत भांडले नाही. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर मला दुसरी भाषा सुचत नाही.

आताच का लिहिते, तेही सांगते. मागच्या आठवड्यात मी फोनवर तुम्हाला आबांची गाडी दाखवत होते, तेव्हा विहानने विचारलं, "आजी, हा पुढचा दिवा एवढ्या घाईने का लुकलुकतो? इज इट स्केअर्ड?" तुमची आई अनघा हसली. मला हसू आलं नाही. नंतर सांगते, म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनच दिवसांनी चिरगाँवचे एक गृहस्थ गाडी विकत मागायला आले. त्यांना रविवारी उत्तर द्यायचं आहे. त्याआधी आबांशी राहिलेलं एक बोलणं मला पुरं करायचं आहे, आणि ते मी तुमच्यादेखत करणार आहे. इथून पुढे 'तुम्ही' म्हणजे आबा.

अहो,

तुम्ही पौषात गेलात आणि आता शेडच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. मधल्या काळात माणसं आली, बसली, गेली. कंपनीतले तुमचे जुने सहकारी आले. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, की ट्रान्सफॉर्मरवर तुमची तपासणी झाली की पुन्हा कुणी बघायचं नाही. मी मान हलवत राहिले. त्यांच्यातल्या एखाद्याला बाजूला घेऊन विचारावं असं मला सारखं वाटत होतं, की हा तुमचा माणूस, ज्याने कधी एक नट अर्धा फिरवून सोडला नाही, त्याने चौथा दिवा का सोडला?

विचारलं नाही. आधी गाडीची सगळी कथा सांगावी लागली असती, आणि भेटायला आलेली माणसं अशी कथा ऐकायला आलेली नसतात. मुलांना मात्र सांगायला हवी. त्यांनी ही गाडी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली आहे.

निवृत्तीनंतर तुम्ही गाडी मागवलीत, तीही सुटी, खोक्यांत भरलेली. एका जुन्या छोट्या मोटारीचा सांगाडा आणि इंजिन तुम्ही आधीच शेडमध्ये आणून ठेवलं होतं. त्यावर चढवायचं फायबरचं अंग ट्रकने आलं. दोनच सीट, आणि वर छप्पर नाही. शेजारच्या तिवारी भाभी कुंपणाच्या भिंतीवरून बघत होत्या.

"काय भाईसाहब, जा मोटर है के नहाबे को टब?"

"भाभीजी, पहला चक्कर आपका ही लगेगा इस टब में."

"राम-राम! हमें अबै नातियन के ब्याव देखने हैं."

त्या अजून एकदाही बसलेल्या नाहीत.

गाडी चालायला लागली, पण तिचे दिवे कुणाचं ऐकत नव्हते. तुम्ही ब्रेक दाबलात की मागचा डावा इंडिकेटर मंद उजळायचा. इंडिकेटर लावलात की कधी काहीच नाही, कधी दोन्ही बाजू एकदम मिणमिणायच्या. मी मागे उभी राहून बघत होते.

"गाडीत भूत आहे," मी म्हणाले.

"भूत नाही. परतीची वाट नाही," तुम्ही आतून म्हणालात.

मग मला शेडच्या पायरीवर बसवून तुम्ही समजावलंत. पत्र्याच्या गाडीत दिव्यापर्यंत एकच तार नेली तरी चालते, कारण दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या अंगातूनच बॅटरीकडे परत जातो. फायबरमधून तो जात नाही. तिथे प्रत्येक दिव्याला परत येण्यासाठी दुसरी तार द्यावी लागते. खोक्याबरोबर आलेल्या वायरिंगमध्ये सगळ्या दिव्यांच्या परतीच्या तारा एकाच गंजक्या स्क्रूखाली कोंबलेल्या होत्या. तो जरा सैल झाला की करंट अडतो आणि शेजारच्या दिव्यात शिरून मिळेल त्या मार्गाने घरी जायला बघतो. म्हणून जो लावलेला आहे तो लागत नाही आणि जो कुणीच लावलेला नाही तो उजळतो.

तेव्हा मी हे शाळेत धडा ऐकावा तसं ऐकलं. आता घरात एकटी असताना, कुणीच न लावलेलं काहीतरी कुठेतरी उजळतं आहे असं वाटतं, तेव्हा तुमचा तो पायरीवरचा आवाज आठवतो. भूत नाही, असं मी मोठ्याने म्हणते. पुढचं वाक्य म्हणत नाही.

वायरिंग नवीन होईपर्यंत गाडी उभी ठेवा, असं कोणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हात आहेत की." उजवीकडे वळायचं तर तुम्ही उजवा हात बाहेर काढायचा, डावीकडे वळायचं तर मी डावा. अशी त्या गाडीचा डावा इंडिकेटर म्हणून माझी नेमणूक झाली, आणि मी ती नोकरी शाळेच्या नोकरीइतक्याच गांभीर्याने केली.

"आत्ताच हात काढू नकोस. वळण लांब आहे."

"मला दिसतंय वळण."

"वळण दिसतंय, पण वळायचं कधी ते मी ठरवणार."

"सदर बाज़ारला जायचंय ना? मग याच वळणाने जायचं. तुमच्यासाठी नगर निगम दुसरं काढणार आहे का?"

नीट हात ताठ धरून मी बसायचे आणि बाज़ारात माझे जुने विद्यार्थी स्कूटरवरून उलटा हात हलवायचे. "गुड मॉर्निंग, मॅम!" एकाने तर गाडी थांबवून नमस्कार केला, कारण मॅमनी बोलावलं असं त्याला वाटलं. तुम्ही दिवसभर हसत होतात. "इंडिकेटर एवढा लोकप्रिय असू नये," म्हणालात.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. तुम्ही दिव्याच्या बाजूचे, मी हाताच्या. तुम्ही म्हणायचात की दिवा शिस्तीचा असतो, रोज सारखाच लागतो, दमत नाही. हाताचं काही सांगता येत नाही. मी म्हणायचे, या शहरात इंडिकेटरवर विश्वास कोण ठेवतं? ऑटोवाला तो लावून चार चौक सरळ निघून जातो. हात पाहिला की मागचा माणूस थबकतो, कारण हात म्हटला की तिथे कुणीतरी बसलेलं आहे हे त्याला कळतं.

"आणि तुझा हात दुखला तर?"

"तर तुम्ही सरळ जा."

खोक्यातले दिवे तुम्हाला कधीच आवडले नाहीत. नखाएवढे आहेत, म्हणायचात. ट्रॅक्टरचे दिवे मोठे आणि मजबूत असतात, ते मऊरानीपूरला मिळतील, असं कुणीतरी सांगितलं आणि आपण निघालो. बरुआसागरचं आलं नावाजलेलं, ते घ्यायला तिथे थांबलो. दुकानात गेल्यावर त्या दुकानदाराने विचारलं, "कौन सा ट्रैक्टर है, बाबूजी?"

"ट्रैक्टर नहीं है, भैया. वो खड़ी है बाहर."

तो पायरीवर आला, गाडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. "अम्माजी, आप इसी में आई हैं? झाँसी से?"

"आई हूँ. और पूरे रास्ते हाथ दिखाते आई हूँ," मी म्हणाले.

त्याने दिवे कागदात गुंडाळून माझ्याच हातात दिले. परतीच्या वाटेवर ते माझ्या मांडीवर होते, पिवळ्या काचेचे, जड. डावं वळण आलं की एका हाताने ते धरायचे आणि दुसरा बाहेर काढायचा. माझ्या जागी जे येणार होते त्यांना मीच मांडीवर घेऊन येत होते. हे मी तुम्हाला तेव्हा बोलूनही दाखवलं. तुम्ही फक्त गाडी हळू केलीत.

मग काम सुरू झालं. कंपनीत प्रत्येक तारेच्या टोकाला नंबरची नळी घालतात, तशी घरी नव्हती. तुम्ही माझ्या शिवणाच्या डब्यातून नावाच्या फिती काढल्यात. अनघा हॉस्टेलला गेली तेव्हा तिच्या कपड्यांवर शिवायला आपण विणून घेतलेल्या फिती, प्रत्येकीवर तिचं नाव. तुम्ही त्या कापून तारांना बांधत होतात तेव्हा मी पोहोचले.

"सगळ्या तारांचं नाव अनघा?"

"हो."

"मग कोणती कुठली, कसं कळणार?"

"गाठी बघ. एक गाठ पुढचा उजवा. दोन मागचा उजवा. तीन पुढचा डावा. चार गाठी मागचा डावा. दोन्ही टोकांना सारख्या."

"नंबर लिहिले असते तर?"

"शाई उडते. गाठ अंधारातही बोटांना लागते."

तर अनघा, तू हे मोठ्याने वाचते आहेस, तुला हे माहीत नव्हतं. त्या गाडीत आतून सगळीकडे तुझंच नाव आहे.

चारही दिव्यांच्या परतीच्या तारा तुम्ही वेगळ्या आणल्यात, डॅशबोर्डखाली, डाव्या सीटसमोर, म्हणजे माझ्या गुडघ्यांपाशी बसवलेल्या पितळी पट्टीवर. तिथून एक जाड तार बॅटरीला. प्रत्येक तारेच्या टोकाला गोल कडी दाबून बसवलेली, ती पट्टीवरच्या बोल्टवर सरकवायची आणि वरून नट आवळायचा. ते पितळ तुम्ही असं घासलं होतंत की मला माझ्या देवघराची लाज वाटली.

आणि तुमचा तो नियम. कंपनीच्या टेस्टिंगमधला, तुम्ही घरात आणलेला. शेवटचा जोड एकट्याने करायचा नाही. एक माणूस जोडावर, दुसरा टोकाशी, आणि टोकाच्या माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. मी विचारलं होतं, आरशात बघून नाही का कळत? तुम्ही म्हणालात, "स्वतःचं काम स्वतः पास करायचं नसतं." गिझर लावलात तेव्हाही मी नळाशी उभी होते. अंगणातला दिवा बसवलात तेव्हाही.

त्या दुपारी तुम्ही मला तीनदा हाक मारलीत. "अगं, ये. पुढे उभी राहा. लागला का?" मी म्हणाले, लागला. "आता मागे. लागला का?" लागला, ठणठणीत. मग डावीकडचा पुढचा. तो लागला, पण फार घाईने लुकलुकत होता, धाप लागल्यासारखा. मी तसं सांगितलं.

"बरोबर आहे," तुम्ही आतून म्हणालात. "जोडीतला एक लागत नसला की दुसरा असाच घाई करतो. चालवणाऱ्याला कळावं म्हणून तशी सोय असते. मागचा जोडला की शांत होईल."

विहान, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो घाबरलेला नाही.

मग तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, आधी चहा. चहा झाला. तुम्ही पान्हा पुसलात आणि खिळ्याला अडकवलात. मी विचारलं, "चौथा?"

"राहू दे गं. तो काय पळून जातोय?"

पन्नास वर्षांच्या संसारात मी हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. संध्याकाळी आपण फिरून आलो, डाव्या वळणांना मी हात काढला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "तुझंच बरोबर आहे. लोक दिवा बघत नाहीत. हात बघतात."

मी वाद जिंकले होते. एवढी वर्षं वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. बाजू बदलणाऱ्याला कारण विचारायचं असतं, हे मी मुलांना शिकवलं होतं. तुम्हाला विचारलं नाही. मी खूश होते. हात काढून बसत होते.

तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवसांनी मी शेडमध्ये गेले. तुमचा चष्मा फळीवर होता, तो मी तिथेच ठेवला. माझ्या सीटवर बसले, वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं. पट्टीवर तीन नट आवळलेले. चौथा बोल्ट रिकामा, पण त्याचा नट हरवू नये म्हणून दोन आटे चढवून ठेवलेला. आणि चार गाठींची तार तिथेच होती. कडी दाबून बसवलेली, लांबी अचूक, पांढऱ्या दोऱ्याने शेजारच्या तारेला अलगद बांधलेली. काही राहिलं नव्हतं. ती बोल्टवर सरकवायची आणि नट आवळायचा, एवढंच.

तेव्हापासून ती तार माझ्या डोक्यात आहे.

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले होते, "माताजी, साँस की तकलीफ़ तो इन्हें महीनों से रही होगी." मी म्हणाले, नाही. मला कळलं असतं. आता मी त्या पट्टीपाशी वाकते तेव्हा माझाच श्वास अडतो. डोकं खाली, पोट दुमडलेलं, मान वाकडी. तीन कड्या तुम्ही तशाच बसवल्यात. चौथ्याला तुमच्याने वाकवलं नाही का? आणि ते मला कळू नये म्हणून तुम्ही वाद हरलात का?

की ते दुसरं कारण, जे मला हवं आहे? की तो दिवा लागला असता तर माझ्या हाताचं काम संपलं असतं, आणि तुम्हाला ते संपवायचं नव्हतं?

दोन्ही कारणं त्या एका तारेवर बसतात. कधी सकाळी पहिलं खरं वाटतं आणि मला तुमचा राग येतो, एवढा की चहाचा कप आदळते. कधी दुपारी दुसरं खरं वाटतं आणि मग घरात बसवत नाही. एक तिसरंही आहे, की तुम्हाला पुढचं दिसत होतं आणि म्हणून दोन्ही एकाच वेळी खरी होती. ते मी इथे लिहिणार नव्हते.

घर तुमच्याशिवाय शांत झालं आहे असं लोक समजतात. तसं नाही. मला त्या डाव्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. वरणाच्या भांड्यावरचं झाकण त्या तालात वाजतं, घाईघाईने. नळ ठिबकतो तोही तसाच. मी नळ घट्ट करते, झाकण काढून ठेवते. संध्याकाळी सूर्य खाली आला की शेडच्या दारातून ऊन आत शिरतं आणि मागच्या डाव्या दिव्याच्या पिवळ्या काचेवर पडतं. अंगणातून बघितलं तर दिवा लागलेला दिसतो. मला माहीत आहे ते ऊन आहे. तरी मी रोज त्या वेळेला अंगणात असते. झाडांना पाणी घालायची वेळ मी त्यासाठी बदलली, हे तिवारी भाभींच्या लक्षात आलं आहे. त्याही त्या वेळेला भिंतीपाशी येतात.

मी गाडी चालवतेही, मुलांनो, तुम्हाला आईने सांगितलं नसेल. आबांनीच शिकवलं होतं. पण मी एक असा रस्ता ठरवला होता की ज्यात डावीकडे वळावंच लागत नाही. फाटकातून उजवीकडे, कडुनिंबांच्या रस्त्याने सरळ, मग उजवीकडे, बाज़ारातून पुढे, असं प्रत्येक कोपऱ्याला उजवीकडेच, आणि शेवटी उजवीकडे वळून फाटकात. सगळे लोक उजवं वळण टाळतात, मी डावं. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, मास्तरीणबाईंनी खडूने वर्तुळ काढलंय. मी त्याच त्या फेऱ्या मारत होते. तार तशीच होती, प्रश्न तसाच होता. मला बरं वाटत होतं.

मागच्या मंगळवारी बाज़ाराच्या पुढच्या रस्त्यावर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव होता. शिपायाने दांडा दाखवून सगळ्यांना डावीकडे वळवलं. मी वळले. मागून किंचाळल्यासारखा ब्रेकचा आवाज आला आणि एक स्कूटर माझ्या गाडीला घासत पुढे जाऊन आडवी झाली. तरुण बाई होती, मागे तिची मुलगी. पडल्या नाहीत, पाय टेकवून सावरल्या. पण मुलीचा चेहरा पांढरा पडला होता.

"आंटीजी, हाथ तो दे देतीं!" ती बाई ओरडली. ओरडण्याचा तिला हक्क होता.

मी म्हणणार होते, की दिला होता. कारण मी दिला होता. माझा डावा हात तेव्हाही वर होता. पण मी उजव्या सीटवर होते. हात गाडीच्या आतच, तुमच्या शेजारच्या, म्हणजे माझ्या, रिकाम्या सीटवर ताठ धरलेला होता. तिथे तो कुणाला दिसणार?

मी गाडी बाजूला घेतली. तिची माफी मागितली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसले.

अनघाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, बास. मेकॅनिककडून नीट करून घे, नाहीतर देऊन टाक. तुला काही झालं तर मी इतक्या लांब काय करू?" तिचं चुकलं नाही. आणि नेमके तेव्हाच चिरगाँवचे ते गृहस्थ आले. त्यांचा वरातीच्या गाड्यांचा धंदा आहे. गाडीभोवती फिरले, बोनेटवर टकटक केली. "अम्माजी, घोड़ी का ज़माना गया. दूल्हा इसमें बैठेगा, शान से. पूरी बॉडी पे रंगीन लाइटें डाल देंगे, ये पुराना तार-वार सब खींच के फेंक देंगे."

"खींच के?" मी विचारलं.

"हाँ जी. एक दिन का काम है."

मी त्यांना रविवारी या म्हणाले.

इथवर मी शुक्रवारी लिहिलं. आता शनिवार आहे, रात्र झाली आहे.

सकाळी मी हात धुतले आणि शेडमध्ये गेले. आधी बॅटरीची तार सोडवली, कारण चालू तारेवर हात घालायचा नाही हे तुम्ही मला गिझरच्या वेळेलाच सांगितलं होतं. मग माझ्या सीटवरून वाकले. पांढरा दोरा कात्रीने कापणार होते, पण गाठ सैल होती, नुसती ओढली आणि सुटली. तुम्ही सुटेल अशी बांधली होतीत. नट दोन आटे फिरवून काढला, कडी बोल्टवर सरकवली, नट बसवला, तुमच्या पान्ह्याने आवळला. एकदा उठून श्वास घ्यावा लागला. कडी सरकवताना बोटांना गाठी लागल्या. मोजायची गरज नव्हती.

बॅटरी जोडली. पण टोकाशी माणूस हवा.

भिंतीवरून हाक मारली. तिवारी भाभी कणकेचे हात घेऊन आल्या. मी म्हणाले, भाभी, मागच्या डाव्या दिव्यासमोर उभ्या राहा आणि मला सांगा. त्यांनी तशाच हातांनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या.

मी तुमच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, बटण डावीकडे केलं. आणि तुम्ही तीनदा विचारलंत तसं मोठ्याने विचारलं, "लागला का?"

भाभींना मराठी येत नाही. मला ते सुचलंच नाही. आणि खरं सांगते, अहो, त्या क्षणभरात मला मागून माझाच आवाज येईल असं वाटलं. मागे मी उभी असेन, आणि इथे, या सीटवर, तुम्ही. मी मागे वळून पाहिलं नाही. मला ते अजून थोडा वेळ तसंच हवं होतं.

"हओ दीदी!" भाभी ओरडल्या. "बर गओ! एकदम बढ़िया बर गओ!" आणि मग त्यांचा आवाज बदलला. "भाईसाहब के हाथ को काम है, दीदी." तुमच्या हातचं काम आहे, म्हणाल्या.

पुढचा दिवा मला मडगार्डवरून दिसत होता. त्याची घाई गेली होती. तो सावकाश लुकलुकत होता, आणि डॅशबोर्डखालची टिकटिकही सावकाश झाली होती. मी तिथे बसून ती ऐकली. भाभी मागेच उभ्या राहिल्या, कणीक वाळेपर्यंत.

उत्तर मला मिळालेलं नाही. श्वास की माझा हात, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि आता सांगणारही नाहीत. मी तार जोडली म्हणून तुम्ही मागे ठेवलेलं काही मोडलं का, तेही मला माहीत नाही. पण त्या मुलीचा पांढरा चेहरा मी पाहिला आहे. तुम्ही पाहिला असतात तर त्याच मिनिटाला पान्हा काढला असतात, धाप लागो वा न लागो, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते. बाकी कशाबद्दल नाही. दिव्याच्या बाजूने तुम्हीच आधी बोलला होतात. तो वाद मी तुम्हाला परत देते.

चिरगाँवच्या गृहस्थांना मी आजच फोन केला आणि नाही म्हटलं.

इरा, विहान, तर आता हे शिल्लक आहे. गाडी शेडमध्ये आहे. चारही दिवे लागतात आणि एका तालात लुकलुकतात. पितळी पट्टीवर चार नट आहेत आणि चारही तारांवर तुमच्या आईचं नाव. आबांचा चष्मा फळीवर आहे. डाव्या बाजूची सीट रिकामी आहे. संध्याकाळी मी गाडी काढली आणि फाटकातून डावीकडे वळले. दिवा लागलेला होता, तरी माझा डावा हात उठला, आणि वळण संपेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.